बळांक

आरोग्य केंद्राच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. आत साठी ओलांडलेली माणसं अनवाणी बसून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती आणि एकमेकांची चेष्टा करत होती.

"घरी तालीम केली का?"

"केली की. सुनेनं व्हिडिओ काढला आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला."

शहरांत काही वर्षं चालू असलेली ही चाचणी कृष्णाकाठच्या वाळेगावात यंदा पहिल्यांदाच आली होती. भिंतीलगत निळसर रबरी पट्टी अंथरलेली होती. तिच्यावर मांडी घालून बसायचं, हात किंवा गुडघा न टेकता उठायचं, थोडा वेळ एका पायावर उभं राहायचं, पट्टीला जोडलेली एक मूठ आवळायची आणि खोलीच्या टोकापर्यंत नेहमीच्या चालीनं चालत जायचं. संपलं. पट्टीतले संवेदक तोल, जोर आणि वेग टिपत. लाखो माणसांच्या नोंदींवर तयार झालेली प्रणाली त्यांची सांगड घाली आणि दहापैकी एक आकडा देई. त्याला बळांक म्हणत. सुई नाही, रक्त नाही, यंत्राच्या बोगद्यात आडवं होणं नाही. बळांक आठच्या पुढे असला, तर अजून पुष्कळ वर्षं हातात आहेत असं समजायचं. चारच्या खाली असला, तर थोडी.

हेमंत साळोखे सर पट्टीवर बसले ते एका हाताचा आधार घेऊनच. तरुणपणी पुलावरून नदीत सूर मारताना त्यांचा उजवा गुडघा खडकावर आपटला होता. तेव्हापासून तो पुरता वाकत नसे. पण त्याच गुडघ्यानिशी त्यांनी चाळीस वर्षं गावातल्या पोरांना पोहायला शिकवलं होतं. बहात्तराव्या वर्षीही ते रोज पहाटे क्रीडा मंडळाच्या तलावात उतरत.

उठताना त्यांनी पुन्हा हात टेकला. चालतानाही डावीकडे किंचित झोल गेला.

"गुडघा जुना दुखावलेला आहे," ते तिथल्या मुलीला म्हणाले. "तेवढं लिहा."

"पट्टीला कारण कळत नाही, काका," ती ओशाळून म्हणाली. "ती फक्त उठणं बघते."

सरांचा आकडा आला तीन. त्यांच्या मागोमाग त्यांच्या पत्नी वैजयंती पट्टीवर बसल्या आणि पदर सावरत सरळ उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आकडा आला आठ. दोघांच्या मनगटांवर आरोग्य केंद्राची कडी चढवली गेली. वैजयंतीबाईंच्या कड्यावर हिरवा ठिपका होता, सरांच्या कड्यावर राखाडी.

घरी जाताना सर हसत म्हणाले, "वैजू, पास झालीस. मी मात्र नापास."

वैजयंतीबाई हसल्या नाहीत.

पहिला बदल तलावावर दिसला. बळांक चारच्या खाली असलेल्या माणसाकडे मुलांची जबाबदारी देता येत नाही, असं मंडळाच्या सचिवांनी फार आदरानं सांगितलं. मग दवाखान्यातून फोनवर निरोप आला, की सरांची ठरलेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सध्या प्राधान्यात बसत नाही. सरांनी चौकशी केली, तेव्हा पलीकडचा आवाज गोड होता. ज्यांना पुढे अधिक वर्षं दृष्टी वापरायची आहे त्यांना आधी घेतो, असं त्यानं समजावलं.

त्याहून विचित्र होतं ते माणसांचं वागणं. संध्याकाळी कट्ट्यावर सर बोलायला लागले, की सगळे गप्प बसून ऐकत. कुणी त्यांचं म्हणणं खोडून काढत नसे. कॅरममध्ये त्यांच्यासमोर राणी सोडून दिली जाई. पुण्याहून मुलगी मृणाल दर रविवारी यायला लागली. येताना फळं आणी, बाबांच्या शेजारी बसून लहानपणीच्या आठवणी विचारी आणि मोबाइल पालथा ठेवून ते सगळं रेकॉर्ड करी. सरांना ते कळत होतं. तरी ते आठवणी सांगत राहिले.

एकदा दुपारी ते लवकर घरी आले, तर वैजयंतीबाई समोरच्या खोलीतल्या दिवाणावर चादर घालत होत्या. आदल्या आठवड्यापासून त्या तिथंच झोपत होत्या. कंबर दुखते, असं कारण दिलं होतं. मोटार चालवायलाही त्या शिकायला लागल्या होत्या. आणि गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी सरांवर एकदाही तोंड टाकलं नव्हतं. ओला टॉवेल पलंगावर दिसला, तरी त्या मुकाट्यानं उचलून वाळत घालत.

"कंबर खरंच दुखते का गं?" सरांनी विचारलं.

त्यांनी चादरीची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "नाही."

"मग?"

"सवय करतेय."

"कसली?"

"एकटीनं झोपायची." त्या वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते. "माझा आठ आलाय, अहो. आठचा अर्थ कळतोय का तुम्हाला? वीस-वीस वर्षं. ती मी एकदम कशी काढायची? थोडं थोडं आत्तापासूनच..."

त्यांनी चादरीचं टोक गादीखाली खोचलं. सर दाराला टेकून उभे राहिले. आपल्याच घरात आपलं सुतक सुरू झालंय, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते नदीवर गेले. कुणाला काही दाखवायचं होतं, की स्वतःलाच काही पटवायचं होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. कपडे काढून घाटाच्या पायरीवर ठेवले आणि पाण्यात शिरले. पाण्यात गुडघ्याचा प्रश्नच नव्हता. हात लांब पडत होते, श्वास लयीत होता. पात्राच्या मध्यावर आल्यावर त्यांनी मान वर करून पलीकडचा काठ पाहिला. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं.

तेवढ्यात बोटीचा आवाज आला. राखाडी ठिपक्याचं कडं खोल पाण्यात गेलं, की बचाव पथकाला आपोआप इशारा मिळे. बोटीवर अधिक चौगुले होता, सरांचाच विद्यार्थी.

"सर, हात द्या."

"अरे, मी बुडत नाहीये! पोहतोय."

"माहीत आहे, सर. पण चला आता. पुरे झालं."

सरांनी हात दिला नाही, तेव्हा अधिकनं आणि दुसऱ्या जवानानं त्यांना काखेत धरून वर ओढलं. घाटावर गर्दी जमली होती. त्यांच्या अंगावर कुणीतरी ब्लँकेट टाकलं. एक बाई हळहळून म्हणाली, "बिचारे सर." वैजयंतीबाई धावत आल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त त्यांचं डोकं पुसलं, लहान मुलाचं पुसावं तसं.

त्यानंतर सर पहाटे उठायचे थांबले. कट्ट्यावर जाणं बंद झालं. खिडकीशी खुर्ची टाकून ते बसत. जेवण अर्ध्यावर सोडत. कुणी विचारलं तर म्हणत, "छान चाललंय."

पुढच्या वर्षीच्या चाचणीत त्यांचा बळांक दोन आला.

त्या आठवड्यात एका दुपारी डॉ. तबस्सुम मुजावर घरी आली. जिल्ह्यातल्या सगळ्या चाचण्यांची तपासणी तिच्याकडे होती. तीही लहानपणी सरांकडेच पोहायला शिकलेली. चहा तिनं नुसताच हातात धरला.

"सर, गेल्या वर्षी तुमचा तीन आला तो गुडघ्यामुळे. मी नंतर सगळं उलगडून पाहिलं. मुठीची पकड चांगली होती. चालीत झोल होता, पण वेग होता. या वर्षी मात्र मूठ सैल झालीय आणि चाल मंदावलीय. त्याचा गुडघ्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे चाचणीच बरोबर होती," सर शांतपणे म्हणाले.

"तेच सांगायला आलेय." तिनं कप खाली ठेवला. "ही पद्धत पहिल्यांदा बसवली, तेव्हा ज्या लोकांना तपासलं, त्यांना आकडे सांगितले नव्हते. नुसती नोंद ठेवली आणि पुढे काय होतंय ते पाहिलं. त्यांच्यातही बळांक कमी असलेले लवकर गेले, हे खरं. पण सगळे नाही. बरेच जण तीन असून मजेत जगले. आता आकडा सांगायला लागल्यापासून तसे लोक उरलेच नाहीत. पट्टी तीच, गणित तेच. पण भाकीत दर वर्षी जास्तच खरं ठरतंय."

वैजयंतीबाईंचा हात पदराच्या टोकाशी थांबला. "म्हणजे आम्हीच..."

"तुम्ही एकट्या नाही, काकू. तलाव, दवाखाना, शेजारी, मुलं. आणि ज्याला आकडा सांगितला तो स्वतः. सगळे मिळून. खरं तर ज्यांचा आकडा कमी त्यांना जास्त व्यायाम, जास्त औषध, जास्त सोबत मिळावी, म्हणून ही चाचणी काढली होती."

"वर कळवलंस?" सरांनी विचारलं.

"कळवलं. त्यांनी माझं अभिनंदन केलं. चाचणी अधिकाधिक अचूक होतेय म्हणून." तिनं कप बाजूला सारला. "पुढच्या वर्षीपासून चाळिशीच्या लोकांनाही तपासणार आहेत."

बाहेर रस्त्यावरून भाजीवाल्याची हाळी गेली. कुणी उठलं नाही.

"मग आकडे दडवून ठेव," वैजयंतीबाई एकदम म्हणाल्या. "सगळ्यांना आठ सांग!"

"आणि त्यातला एखादा खरंच आजारी असला तर? गेल्या वर्षी या पट्टीमुळेच दोघांची हृदयं वेळेत सापडली, काकू. त्यांना आठ सांगितलं असतं, तर ते आज नसते." तिचा आवाज खाली आला. "माझी आई पुढच्या महिन्यात साठ पूर्ण करतेय. तिला पट्टीवर मीच बसवणार. हल्ली जिना चढताना ती कठड्याला धरते. आकडा आला, की तिला सांगू का, सर?"

सरांनी आपली मूठ आवळून पाहिली. मग त्यांनी विचारलं, "माझा खरा बळांक किती असेल गं? हे काहीच झालं नसतं तर?"

"आता ते कुणालाच मोजता येणार नाही."

वैजयंतीबाई उठल्या. त्या सरांच्या खुर्चीसमोर येऊन उभ्या राहिल्या. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "उठा. ऐकलं ना ती काय म्हणाली ते? काही झालेलं नाही तुम्हाला. उठा, आपण फिरून येऊ. आत्ताच्या आत्ता."

सरांनाही उठायचं होतं. त्यांनी खुर्चीच्या हातांवर तळवे रोवले आणि जोर लावला. शरीर थोडं वर आलं, थरथरलं आणि परत खाली बसलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. कपाळावर घाम आला. वैजयंतीबाईंनी त्यांचे दंड धरले. तबस्सुमही पुढे झाली, पण तिची नजर नकळत त्यांच्या पावलांवर गेली. एका तज्ज्ञाची नजर. ती मोजत होती.

ते पाय खरोखरच थकले होते, की वर्षभर सगळं गाव जे सांगत होतं ते त्यांनी ऐकलं होतं?