हरभऱ्यातली वाट

"ओ कॅमेरावाले! पाय काढा तिथून!"

वर्षाराणी बांधावरून ओरडली, तेव्हा तो तरुण हरभऱ्याच्या मधोमध उभा होता. समोर धरणाच्या फुगवट्याचं निवांत पाणी, पांढरी वाळू, आणि वाळूवर एकही पक्षी नाही. एरवी थंडीत इथे चक्रवाकांच्या जोड्या उतरायच्या.

"बीचवर जायची वाट आता हीच हाय ना?"

"बीच समुद्राला असतो. हे आमच्या शेताचं टोक हाय."

"पण पाणी तर सरकारी... तुमच्या वडलांचं थोडंच हाय?"

"पाणी सरकारचं. तुमच्या बुटाखाली हाय तो हरभरा माझ्या बापाचा!"

त्यानं दचकून एक पाय उचलला. टेकवायला जागा सापडेना, तसा बगळ्यासारखा उभा राहिला. हसू येण्यासारखं होतं, पण वर्षाराणीच्या अंगाची लाही लाही होत होती.

"मागल्या हिवाळ्यात कुण्या दीडशहाण्यानं व्हिडिओ टाकला. म्हणे, कंधारजवळचा शांत किनारा, कुटुंबांसाठी, निसर्गप्रेमींसाठी! तवापासून रानात गाड्या घुसून राहिल्या. पाखरं गेली, पीक गेलं. तो माणूस एकदा सापडू द्या मला—"

"सापडला तर... काय कराल?"

तिनं नीट पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"तुम्ही?"

"सोमेश. लातूरचा."

वर्षभर साठवलेल्या शिव्या तिच्या ओठावर आल्या, तोच पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीतून आईची, गुणाबाईंची हाक आली. "वर्षे, पाव्हण्याला घेऊन ये गं जेवायला!"

येळवस होती, रानातच पूजा आणि जेवण करायची अमावस्या. त्या दिवशी रानात आलेल्या माणसाला उपाशी धाडायचं नसतं, मग तो वैरी का असेना. वर्षाराणीनं राग गिळला आणि त्याच्या पानात शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा डोंगर केला.

"बस... लई झालं."

"घ्या की. शांत जागा हाय, कुटुंबांसाठी!"

सोमेशनं तो डोंगर संपवला. जेवणं झाल्यावर तिच्या वडलांनी, शेषेरावांनी, ज्वारी-ताकाच्या आंबिलाचा तांब्या त्याच्या हाती दिला. रीतीप्रमाणे पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरा घालायचा होता, आणि त्यांचे गुडघे दुखत होते. "वर्षे, बांध दाखव त्याला."

ती पुढे, तो मागे. पाण्याकडच्या कोपऱ्यात बांध फुटला होता. चाकांनी जमीन दगडासारखी टणक झाली होती, एक रोप उभं नव्हतं. सोमेश थांबला. मग खाली वाकून त्यानं तिथंही आंबील शिंपडलं.

"तिथं कशाला? काही उगवायचं न्हाई आता."

"मी एकटाच आलो होतो तवा," तो हळूच म्हणाला. "एवढं चांगलं... कुणाला तरी दाखवावं वाटलं."

"मग दाखवायचं एखादीला! अख्ख्या जगाला कशाला?"

"एखादी... नव्हती ना."

वर्षाराणीनं झटकन पाण्याकडे तोंड फिरवलं. गाल तापले होते. रागानंच, असं तिनं स्वतःला बजावलं. सोमेशनं फोन काढून व्हिडिओ पुसला आणि तिला दाखवला.

"पुसून काय उपयोग? वाट तर पडली."

"मग बुजवू."

"बुजवू म्हणे! फावडं धरलंय का कधी?"

"न्हाई. तुम्ही शिकवा... रागावत शिकवलं तरी चालंल."

"राग गेलेला न्हाई माझा."

"हाव, दिसून राहिलं. पुढच्या येळवशीला येऊ?"

"येळवशीला कुणीबी येतं. इतर दिवशी बोलावल्याबिगर यायचं न्हाई."

"मग... बोलवा की."

तिनं फुटक्या बांधाकडे पाहिलं. हा माणूस खरंच येईल का, की व्हिडिओ पुसून मोकळा होईल?

"उद्या या," ती तुटकपणे म्हणाली. "बांध घालायचाय. कॅमेरा घरी ठेवून या."

सोमेश निघाला. त्याची गाडी समोरच दिसत होती, चाकांच्या वाटेनं गेला असता तर लगेच पोचला असता. पण तो वळला आणि अख्ख्या रानाला वळसा घालून, बांधाबांधानं, बूट हातात घेऊन चालू लागला. वर्षाराणी तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. दिवसभरात पहिल्यांदाच त्याच्यावर रागवायला तिला काही सापडेना, आणि याचाच तिला भयंकर राग आला.