मेलेल्या खांबांचा उजेड

आधी ते मोबाइलचे दिवे बंद करा. भुताची गोष्ट ऐकायची आणि वर बॅटऱ्या पेटवून बसायचं, तुमच्या शूरपणाला माझा दंडवत! आता ऐका. ही गोष्ट ऐकीव नाही. रणधीर माझ्या शेजारचा, रोज त्याचं तोंड बघावं लागतं मला.

दोन हजार चोवीस सालची येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. तीस डिसेंबर, सोमवारची अवस. सगळं गाव शिवारात. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबील. पाहुणेरावळे पोट फुटेस्तोवर जेवले. रणधीर मात्र गॉगल लावून हिंडत होता आणि भेटेल त्याला रस्त्यावरचे आपले नवे दिवे दाखवत होता. जन्मात एवढंच काय ते कर्तृत्व. गावापासून बेंबळीच्या फाट्यापर्यंत एलईडीचे खांब त्याच्या गुत्तेदारीत उभे राहिले होते. जुने लोखंडी खांब काढायचं कामही त्याचंच होतं. ते कोण करतो? तारा तोडल्या, बल्ब दगडानं फोडले, खांब तसेच सोडले. प्रत्येक नव्या खांबाशेजारी एक जुना, गंजलेला.

त्याची चुलती मथुराबाई दिवेलागणीला दारातल्या जुन्या खांबाला हात जोडायची. दिवा लागला की हात जोडायची आपली रीतच आहे, पण हा तर कधीच विझलेला. रणधीर चार लोकांत तिला हसायचा. त्या दिवशी सकाळी शिवाराला निघताना म्हातारीनं खांबाला हात जोडले, तेव्हाही हसला.

"काकू, मढ्याच्या पाया पडता व्हय?"

"लई वर्सं उजेड दिला बाबा त्यानं. ह्याच्याच खाली चालाय शिकलास तू."

"मग आंबील बी पाजा की त्याला येळवसंची!"

म्हातारी चालू लागली. असल्या माणसाशी काय बोलायचं?

अंधार पडल्यावर गवताचा हेंडगा पेटवून पिकाभोवती फिरवला आणि माणसं परतली. बायका टेम्पोत, गडी मोटरसायकलींवर. घरी आल्यावर रणधीरची बायको म्हणाली, "सृष्टी कुठंय?"

"तुझ्यासंगं टेम्पोत न्हवती व्हय?"

"मला वाटलं, तुमच्या गाडीवर हाय..."

सहा वर्षांची पोर कोपीत झोपली होती. नेलेलं एकूण एक भांडं मोजून आणलं, पोर तेवढी राहिली. आणि कोपीजवळच विहीर. कठडा नसलेली.

रणधीरनं गाडी हाणली. कोपीत गोधडी होती. पोर नव्हती. त्यानं विहिरीत बॅटरी मारली. पाणी निवांत होतं. त्यानं जीव खाऊन हाका मारल्या. ओ नाही. तिथं तो मोठमोठ्यानं रडला, हे त्यानंच मला सांगितलं.

इंजिनाच्या आवाजात पोरीचं रडणं ऐकू येणार नाही, म्हणून गाडी तिथंच टाकली आणि रस्त्यानं पायी निघाला.

तेवढ्यात नवे दिवे गेले. सगळे. एकदम.

मिट्ट काळोख... आणि पुढं एक दिवा लागला. पिवळा.

नवा नव्हे. जुना.

खाली सृष्टी चालली होती. पाठमोरी. उजवा हात वर केलेला... मोठ्या माणसाचं बोट धरावं, तसा.

शेजारी कुणी नव्हतं.

रणधीर पळाला. दिवा विझला. पुढचा लागला. खाली पोर. हात तसाच वर.

हाक मारायला तोंड उघडलं... आवाज नाही. गावभर चालणारी ती जीभ टाळ्याला चिकटली.

विझला. पुढचा लागला.

विझला. पुढचा...

गाव आलं. शेवटचा खांब मथुराबाईच्या दारातला. म्हातारी उंबऱ्यात उभी. हात जोडलेले.

तो दिवाही विझला.

नवे दिवे भस्सकन लागले. पोर खांबाला टेकून उभी होती. एकटी. रणधीरनं तिला छातीशी कवटाळलं.

"कुणासंगं आलीस, बाई?"

"पप्पा... तुमीच तर होता."

"मी?"

"बोट धरलं न्हवतं व्हय तुमी? बोलत मातुर न्हवता."

रात्रभर त्यानं पोरीला मांडीवरून उतरवलं नाही. उजाडलं आणि शहाणा पुन्हा शहाणा झाला. शिडी लावून रस्त्यावरचा एकेक जुना खांब तपासला. फुटक्या बल्बची बुडं, गंज, कोळिष्टकं. तारेचा पत्ता नाही. "कायतरी चमकलं आसंल," म्हणत हसत घरी आला.

दारात बायको सृष्टीची वेणी घालत होती. तिनं नुसती फणी पुढं केली.

जळके किडे. होरपळलेले पंख. तापलेल्या बल्बवर आपटून खाली पडतात ना, तसले. रणधीरचे दिवे गार असतात, त्यांच्यावर चिलट जळत नाही.

बायकोनं केसांतून पुन्हा फणी फिरवली.

अजून पडले.