न्हावऱ्याच्या पुढची भट्टी

यातलं काहीही रचलेलं नाही. शिरूर–चौफुला रस्ता ज्यांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे, त्यांनी मला खुशाल खोटं पाडावं. फार बरं वाटेल मला.

गेल्या मार्गशीर्षातला रविवार. ऊन कलायला लागलं होतं.

न्हावरं मागे टाकून थोडं पुढे गेल्यावर मोनालीनं स्कूटी थांबवली. पुढ्यात तिची लेक उभी होती. जिजा. अजून शाळेतही न घातलेली.

मोनाली शिरूरची, तिची मावसबहीण प्रगती दौंडची. सख्ख्या बहिणींना जमणार नाही असं दोघींचं गूळपीठ. जिजाच्या वेळी मोनालीची तब्येत ढासळली, तेव्हा उशाशी बसून राहिली ती प्रगतीच.

दोघींना एक नाद होता. आपल्या भागात खाण्यासारखा पिझ्झा शोधायचा. शिरूरला कोबी पेरलेला खाल्ला. कोरेगाव भीमाला सॉसमध्ये बुडवलेला. पाटसला तर खाली चक्क चपाती निघाली.

"अगं, भाजी-चपातीच आहे ही, नुसती त्रिकोणी कापलीय!" प्रगती म्हणाली होती, आणि दोघी हसता हसता लोळल्या होत्या.

मग एक दिवस प्रगतीचा व्हॉइस मेसेज आला.

"मोने, सापडला गं बाई! न्हावऱ्याच्या पुढे, उसाच्या रानाला लागून. लाकडाची भट्टी आहे. लोकेशन टाकते. आणि जिजाला ने हं... नक्की ने."

आवाज बसलेला होता. मोनालीला वाटलं, सर्दी झाली असेल.

पत्र्याची शेड. सारवलेलं अंगण. मातीची भट्टी. बाकडी सगळी रिकामी.

रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या मोठमोठ्यानं गाणी लावून चालल्या होत्या. मोनालीनं अंगणात पाय ठेवला...

आणि गाणं थांबलं.

तिनं वळून पाहिलं. ट्रॉली जात होती. चाकं फिरत होती. आवाज तेवढा नव्हता.

भट्टीत जाळ होता... धूर नव्हता.

"बसा ताई." आतून एक बाई आली. हात कोपरापर्यंत पिठानं पांढरे. "लेकीला भूक लागली आसंल."

पिझ्झा आला. काठ फुगलेले, बुडाला खरपूस डाग. जिजानं कडासुद्धा सोडल्या नाहीत. मोनालीनं पहिल्या घासाला डोळेच मिटले. पुण्यात इतका चांगला खाल्ला नव्हता तिनं. खाऊन झाल्यावर तिच्या लक्षात आलं...

त्याला वासच नव्हता.

निघताना जिजानं हात हलवला. "टाटा मावशी, मी जाते!"

"जाते नाही म्हणू, बाळा," मोनालीनं तिला हळूच दटावलं. "येते म्हणावं."

आपल्यात प्रत्येक आई शिकवते हे. निघणाऱ्याच्या तोंडी 'जाते' नको.

"येते!" जिजा शहाण्यासारखी म्हणाली.

बाईचे हात थांबले.

"येशील ना? सबूद दिलायस बग." ती जिजाकडेच पाहत होती. "मी वाट बघते."

दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, कुकरची शिट्टी मध्येच तुटली.

पंखा फिरत होता. नळ वाहत होता. आवाज मात्र कशालाच नव्हता.

मग दारावर थाप पडली... हलकी.

"जिजा... येते म्हनली व्हतीस ना?"

मोनालीनं दार उघडलं. कुणी नाही. दारावर पिठाचा पंजा उमटलेला. पार खाली... जिजाच्या उंचीवर.

मागे खुडबुड झाली. जिजा चपला घालत होती.

"भट्टीवाल्या मावशीकडे जायचंय ना, आई?"

सकाळी सत्यजीत, मोनालीचा नवरा, कंपनीत जाण्याआधी तिथवर जाऊन आला.

"शेड न्हाई आन् काय न्हाई. ऊस हाय नुसता, पार रस्त्यापर्यंत. तुला आता रानातबी पिझ्झे दिसायला लागले बघ!"

तो हसला. मोनालीनं दौंडला फोन लावला.

"प्रगे, ती बाई कोण आहे?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"प्रगे!"

"मी निघताना येते म्हणाले होते गं." प्रगती रडायला लागली. "सवयीनं. मग ती रोज दारात यायला लागली. मी तुला लोकेशन पाठवलं आणि थांबलं सगळं. मला वाटलं, तू म्हणशील. लेकरू म्हणेल असं स्वप्नातही नव्हतं. जिजाची शप्पथ."

तरी तिच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली तीच प्रगती आली, उशाशी पेंगणारी. घाबरली असेल बिचारी. मलाच पाठवायचं होतं तिला, लेकराला नाही. तेवढ्या एका गोष्टीवर तिनं बहिणीला मनातल्या मनात निम्मी माफी देऊन टाकली.

संध्याकाळी पुन्हा घर मुकं झालं.

थाप.

मोनालीनं जिजाला पदराखाली घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"लेकरू आहे ते. त्याचा शब्द धरू नका. तिच्या जागी मी येते."

बाहेर हसल्यासारखं काहीतरी...

"तू कशाला? तुझ्या भनीनं तुझं नाव घेतलंच न्हवतं."

मोनालीनं जिजाचे कान दाबून धरले.

"ती म्हनली, माझ्या मोनीला एक लेक हाय. जिजा नावाची. गोड हाय. आईनं शिकिवलंय, निगताना येते म्हनल बग ती. तिलाच धाडते..."

त्यानंतर प्रगतीचे खूप फोन आले. मोनालीनं एकही उचलला नाही. भीतीनं नाही. तो आवाज एकदा ऐकला तर आपण पुन्हा विश्वास ठेवू, हे तिला ठाऊक आहे.

दारावर थाप आता पडत नाही. का पडत नाही, कुणास ठाऊक.

पण दिवेलागणीला घर अजून मुकं होतं. मोनाली तेव्हा हातातलं काम टाकते, जिजाला कडेवर उचलते आणि दाराकडे पाठ करून उभी राहते. लेकीचा गाल गालाला लावून, तिचा श्वास मोजत.

जिजा खांद्यावरून दाराकडे पाहते... हसते... आणि हात हलवते.

मोनाली वळून पाहत नाही. समोरच्या कपाटाच्या आरशात तिला तो इवलासा हात दिसतो.

निरोप द्यायचा हात नाही तो.

बोटं आत वळतात. जिजा कुणाला तरी बोलावते आहे.