गाठ न धरणारी तार

"फाटक पुन्हा उघडलं!" चिंगी ओरडली.

रस्त्यावरची कुत्री आत शिरून ओल्या सिमेंटवर पंजे उमटवून गेली होती. बोका जागचा हलला नाही. सकाळपासून विटांच्या खाचा झाडून त्या दोघा बहीणभावांचे हात भरून आले होते.

"सुट्टी म्हणे! हमाली आहे ही!" तो कुरकुरला.

"मी फाटकाच्या तारेला तीन पीळ दिले होते," त्यांचा आतेभाऊ पंडित म्हणाला.

त्याची आई, म्हणजे या दोघांची आत्या, इंजिनिअर होती. ही जुनी शाळा भूकंपात तगावी म्हणून भिंतींच्या खाचांत खास धातूची तार बसवली होती. आता गिलावा व्हायचा होता.

पंडितने तारेला पुन्हा पीळ दिला. हात सोडताच तार आपोआप उलगडली!

"तार आहे की साप!" बोका उठून बसला.

पंडितचा चेहरा उतरला. "ही आईची तार आहे. कितीही वाकवा, सरळ होते. भिंत हलली की तिला परत जागेवर ओढते."

"मग भिंतीत काय घातलंय?"

तिघं वर्गात धावली. चिंगीने भिंतीतल्या तारेचं टोक वाकवलं. ते तसंच वाकडं राहिलं!

आत्या बाकावरच झोपली होती. आठवडाभर तिला नीट झोप नव्हती.

"उठवू नका, आत्ता कुठे डोळा लागलाय," मुकादम दमल्या आवाजात म्हणाले. "आणि पळा, गिलावा सुरू होतोय."

चिंगीने दोन तारा पुढे केल्या, एक भिंतीतल्यासारखी आणि एक फाटकाची. "काका, तुमची गाठ म्हणे कधी सुटत नाही?"

"पंचवीस वर्षांत नाही!"

"मग मारून दाखवा ना!"

पहिली गाठ चुटकीसरशी बसली. दुसरी तार सटकन उसळून अंगठ्यावर बसली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. मुकादमांनी भिंतीकडे पाहिलं आणि ते मटकन पोत्यावर बसले.

"थांबवा रे गिलाव्याचा माल! साध्या तारेचं आणि बाईंच्या तारेचं, दोन्ही भेंडोळी एकदम उतरली होती. मी चिठ्ठी वाचलीच नाही."

त्यांनी स्वतःच आत्याला उठवून सगळं सांगितलं.

"तारा तपासल्याची सही तर माझीच आहे," ती हळूच म्हणाली. "सही करताना डोळे उघडे होते, इतकंच."

संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मिळून भिंतीतल्या चुकीच्या तारा उपसल्या. बोका बसल्या जागी पेंगत होता.

"पोरांनी आज शाळा वाचवली," मुकादम म्हणाले.

आत्याने तिघांना जवळ ओढलं. "शाबास रे! उद्या सुट्टी. मुकादम, तुम्हालाही आणि मलाही. दमलेल्या माणसांनी भिंती बुजवू नयेत."