थांबलेलं काम

आष्टीच्या अलीकडे, पाणी सोसायटीच्या टाकीत टँकर रिकामा झाला की पुढचं सगळं कॉम्प्युटर बघायचा. सत्यभामानं तो बसवला होता. प्रत्येक घराचा नळ म्हणजे एक काम. एकाला थोडा वेळ द्यायचा, थांबवायचं, पुढच्याला घ्यायचं. तहानलेलं कुणी राहायला नको. रीत गावातल्या रांगेचीच होती. सरळ ठेवलेला हंडा म्हणजे नंबर धरलेला, उपडा म्हणजे सोडलेला.

हे तिनं केलं तिची लेक मुक्ता गेल्यावर. पोर तांब्याचा छोटा हंडा घेऊन विहिरीत उतरली होती. तिला वर काढलं. हंडा गाळातच राहिला.

आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावानं मातीचा करा भरतात. सत्यभामानं भरला नाही.

"भर गं माय," सासू छबुबाई म्हणाली. "तहानलेलं आसंल लेकरू."

"घरात पाणी नाही."

पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी ऑपरेटर आसारामनं हाक मारली. "ताई, तुमच्या घराच्या कामातून एक पोटकाम निघालंय. कामांच्या यादीतनं काढाया लई मारलं, जातच न्हाई."

"आधीच मेलेलं असेल, आसाराम. मेलेल्याला काय मारणार?" ती शिकवल्यासारखं बोलली. "ज्या कामानं त्याला जन्म दिला, त्यानं त्याचा शेवटचा निरोप घ्यावा लागतो. तोवर नाव यादीत राहतं. नुसतं नाव. त्याला नंबर मिळत नाही."

"ह्याला मिळतोय की."

तिनं पाहिलं. खरंच मिळत होता. त्याच्या नंबराला विहिरीकडची झडप उघडत होती. तिकडे पाइप कधी टाकलाच नव्हता. तरी टाकीतलं पाणी उतरत होतं.

"कॉम्प्युटर बंद करू का?"

"नको."

ती रोज येऊन बघायची. नाव असायचं. गावाला पाणी पुरेना. शेजारची भिवराबाई अर्धा हंडा घेऊन दारात उभी राहिली, हंडा दाखवून परत गेली.

त्या सकाळी सत्यभामानं कॉम्प्युटरवर निरोप घ्यायची एक ओळ लिहिली. कळ दाबली नाही. घरी आली, करा धुतला, भरला.

"मुक्ते," ती म्हणाली. "पी गं बाई."

मग सोसायटीत जाऊन कळ दाबली.

नाव गेलं.

टाकीतलं पाणी उतरायचं थांबलं.

"मिटलं बगा, ताई," आसाराम म्हणाला.

ती भर उन्हात घरी आली. अंगणातल्या नळाखाली तांब्याचा छोटा हंडा होता. गाळानं काळा पडलेला, ओला.

उपडा.