चुन्यातली भिंत

मोशीतला आमचा जुना दगडी गोठा पाडला आणि त्याचे काळे दगड खडी करायला क्रशरकडे निघाले, तेव्हा मी सरळ डंपरसमोर जाऊन उभी राहिले. भर उन्हात. दगड भरणारा गवंडी खाली उतरला. सावळा, उंच, भुवयांवर धूळ.

“ताई, जरा बाजूला व्हा.”

“आधी दगड उतरवा. आणि मी तुमची ताई नाही.”

तो हसला… आणि माझं निम्मं भांडण तिथेच विरघळलं. चेहऱ्यावर मात्र मी काही दिसू दिलं नाही.

त्याचं नाव सुजित, लातूरकडचा. त्याच दगडांची आमच्या नव्या बंगल्याभोवती भिंत बांधायची, तीही सिमेंटऐवजी चुन्यात, असं मी बाबांना ठणकावलं. घडवलेला दगड फोडायचा आणि नव्यासाठी पुन्हा डोंगर पोखरायचा, हा कुठला शहाणपणा? माझे बाबा नानासाहेब. अख्खी मोशी त्यांना वचकून असते. ते म्हणाले, बांध, पण पडली तर मी म्हणेन तिथे लग्न करायचं. चाकणच्या एका इंजिनिअरचं स्थळ त्यांनी हेरूनच ठेवलं होतं.

सुजित चुना भिजवायचा, मी वाळू चाळायचे. चुन्याला घाई चालत नाही, असं तो म्हणायचा. मलाही घाई नाही, असं मी म्हणायचे आणि धडधडीत खोटं बोलायचे. दगड हातात देताना त्याची बोटं जरा… उगीचच रेंगाळायची.

भिंत कमरेएवढी झाली. त्या सकाळी बाहेर येते तर अंगणात पांढरं पाणी वाहत होतं आणि बाबा पाइप धरून उभे. सिमेंटच्या भिंतीवर मारतात तसं त्यांनी ओल्या चुन्यावर जोरात पाणी मारलं होतं, अगदी चांगल्या मनाने. सांधे धुऊन निघाले आणि आमच्या डोळ्यांदेखत वरचे थर कलंडले.

सुजितही तेवढ्यात पोचला. बाबा ओशाळले, आणि ओशाळले की ते जास्तच चिडतात.

“पडली का न्हाई? आता सिमेंट मागवतो. अन् तू तुझ्या गावाला जा रं.”

मी एक दगड उचलला, चुना बोटांनी निपटला. दगडाला साधा ओरखडा नव्हता.

“पडली नाही बाबा, तुम्ही पाडलीत. सिमेंट असतं तर दगड फोडावा लागला असता. हा तसाच परत लावता येतो. मी परत बांधणार… याच्याच सोबत. भिंत आणि संसार, दोन्ही.”

बोलून गेले, आणि ते शब्द मला मागे घ्यायचे नव्हते. सुजित कानापर्यंत लाल झाला.

“असल्याला पोरगी कोण देतंय?” बाबा गरजले.

“तुम्ही देऊ नका. मीच जाते.”

“तनुजा, कुठं जायचं नाही,” सुजित म्हणाला. त्याची नजर बाबांवरून हलली नाही. “मलाबी हीच पाहिजे. आधी इथली भिंत पुरी करू, दोघं मिळून. तोवर तेवढा पाइप बंद करा, नानासाहेब.”

बाबांना असं अख्ख्या मोशीत कुणी सुनावलं नव्हतं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं… आणि वाकून नळ बंद केला.