तिसरा माइक

लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला तो जेवणानंतरच्या मीटिंगमध्ये. मखमलाबाद रोडला दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. खिडकीतून कंपाउंडपलीकडची द्राक्षबाग दिसते. जानेवारीत घडांना पेपर गुंडाळले, की सगळी बाग सामान बांधून तयार बसल्यासारखी वाटते. त्या खिडकीशी टेबल लावून मी काम करते. टेबलाखाली सई खेळते.

सईला तीन वर्षं पूर्ण झाली होती आणि ती एक शब्दही बोललेली नव्हती. कान उत्तम. थेरपिस्ट बाई म्हणायच्या, "ऐकतेय, समजतंय. ओठ हलायला लागले की मला लगेच सांगा." मग मी कामाच्या आडून तिचे ओठच बघत बसायची.

मशीन पडायचं म्हणजे स्क्रीन गोठायची आणि कॅप्स लॉकचा दिवा उघडझाप करत राहायचा. बटण दाबून धरायचं, पुन्हा सुरू करायचं, मीटिंगमध्ये सॉरी म्हणत शिरायचं. नोकरी नवीन होती, अजून कायम झाले नव्हते. आधी मी उन्हाला दोष दिला, मग मेमरीला. शेवटी हर्षालीला फोन केला. इंजिनिअरिंगला आम्ही एका बाकावर. माझा लॅपटॉप लिनक्सवर चालतो, आणि तिचं सगळं काम आता त्यावरच असतं.

"कर्नल पॅनिक आहे गं तो," ती म्हणाली. "सिस्टिमचा गाभाच हात वर करतो. पडायच्या आधी मशीननं नोंदवलेल्या ओळी पाठव. आणि तू पॅनिक होऊ नकोस, एका घरात एकच पुरे."

मी पाठवल्या. तिचा लगेच फोन आला.

"आतल्या माइकचं मॉड्यूल आहे. माइकशी बोलणारा ड्रायव्हर. त्याला तीन माइकचा आवाज येतोय. तिसऱ्याला जागाच ठेवलेली नाही, म्हणून सगळं कोसळतंय. तुझ्या मशीनला माइक किती?"

स्क्रीनच्या वरच्या पट्टीत दोन बारीक भोकं होती. दोनच.

"मग ड्रायव्हरचं गणित चुकलंय. नवीन कर्नल टाक."

टाकलं. जुनंही टाकून पाहिलं. कॅमेरा, ब्लूटूथ, एकेक करून बंद केलं. काही फरक नाही. फक्त सई पंचवटीत आजीकडे असली, की लॅपटॉप दिवसभर ठणठणीत चालायचा. हे मी हर्षालीला सांगितलं नाही. असलं काही बोलायला गेलं की आपलाच आवाज आपल्याला विचित्र वाटतो.

शनिवारी माझ्या नवऱ्याच्या, यशोधनच्या कंपनीला सुट्टी असते. तो दारातूनच हळू म्हणाला, "स्नेहल, हिच्याकडे बघ."

सई टेबलाला धरून उभी होती. लॅपटॉपच्या डाव्या कडेला, जिथे ना भोक ना जाळी, तिथे तिनं तोंड नेलं होतं. ओठ हलत होते. आवाज नव्हता. मग ती थांबली, कान दिला, आणि हसली.

"अगं, बोलतेय ती!" यशोधनचे डोळे भरून आले. "लाव, बाईंना फोन लाव."

बाई खूश झाल्या. "मध्ये तोडू नका. जे करतेय ते करू द्या. आवाज मागून येईल."

फोन ठेवते तोवर कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकायला लागला होता.

सोमवारी मीटिंग संपवताना आमचे टीम लीड दिवाकर सर म्हणाले, "मुलगी गोड बोलते हो तुमची. केव्हाची म्हणतेय, आई इकडे बघ, आई इकडे बघ. बघा की जरा."

माझ्या खोलीत काहीच आवाज नव्हता. "सर, दुसऱ्या कुणाकडची असेल."

"सई ना नाव? तिनंच सांगितलं." ते हसले. "ते असू द्या. परवा क्लायंटसमोर मात्र मशीन पडू देऊ नका. मला वर उत्तर द्यावं लागतं."

मी मान हलवली. स्क्रीनवरून नजर काढून खाली बघायला किती वेळ लागला असता?

संध्याकाळी मी ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं. फार सोपं असतं. एका फाइलमध्ये त्याचं नाव लिहायचं, मग मशीन सुरू होताना त्याला हाकच मारत नाही. बोलायला बाहेरून हेडफोन लावायचा. क्लायंटपुरतंच, मी स्वतःला म्हटलं.

बुधवारी क्लायंटसमोर लॅपटॉप एकदाही पडला नाही. क्लायंट खूश, सर खूश. चहा करून आले तर सई टेबलापाशी उभी. ओठ हलले. तिनं कान दिला. पुन्हा ओठ हलले. पुन्हा कान दिला, या वेळी बराच वेळ. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंडावर दार लावल्यावर माणूस दाराकडे बघतो, तसं.

कप तसाच ठेवून मी फाइलमधली ती ओळ पुसली. मॉड्यूल परत चढवलं.

काही झालं नाही.

त्यानंतर लॅपटॉप कधीच पडला नाही. सईचे ओठही हलले नाहीत.

"पुन्हा पाडता येईल का गं?" मी हर्षालीला विचारलं.

"वेडी आहेस का? लोक पडू नये म्हणून रडतात."

यशोधनला सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता "हं" म्हणाला आणि सईचे मोजे शोधत राहिला.

बागेत काढणी सुरू झाली, क्रेट भरलेल्या ट्रॉल्या जायला लागल्या. अशाच एका दुपारी मी सईला मांडीवर घेतलं, हेडफोन काढून टाकला आणि आतल्या माइकवर रेकॉर्डिंग लावलं.

"सई, मी बघतेय हं. बोल ना राजा. आई बघतेय."

ती खिडकीबाहेर बघत बसली. ओठ मिटलेले. मी थकले, रेकॉर्डिंग थांबवलं आणि परत लावून ऐकलं.

माझा आवाज. पंख्याची घरघर. पुन्हा माझा आवाज, रडवेला.

मग एक छोटा आवाज. स्पष्ट. मी कधी न ऐकलेला, तरी कुणाचा ते विचारावं न लागलेला.

"शूः. आई कामात आहे."

तो आवाज हे मला म्हणत नव्हता.

कारण लगेच ती घरघर, जिला मी पंखा समजत होते, थांबली. कुणीतरी श्वास रोखून धरावा, तशी.